निळ्या डोळ्यांचा पाहुणा

बर्फावर गाड्या ओढणाऱ्या जातीचे कुत्रे दिसायला राजबिंडे असतात. पण त्यांना घरी आणण्याआधी ‘याला आपल्याकडून काय हवे आहे?’ हा प्रश्न किती जण विचारतात?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास चौथ्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. चहा विचारला तर नको म्हणाल्या. नेहमी तासभर गप्पा मारणाऱ्या वहिनी चहाला नको म्हणतात, म्हणजे नक्की काहीतरी बिनसले आहे, हे मी ओळखले.

‘‘तुम्ही प्राण्यांवर लिहिता ना, मग एक सांगा. आमच्या स्नोईचं मी काय करू?’’

स्नोई म्हणजे त्यांचा सायबेरियन हस्की. मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा त्याने बक्षीस म्हणून हाच कुत्रा मागितला होता. मोबाइलवर त्याने बर्फात धावणाऱ्या हस्कींच्या चित्रफिती पाहिल्या होत्या. वडिलांनी हौसेने पैसे मोजले आणि दीड महिन्याचा, करड्या-पांढऱ्या लोकरीचा, निळ्या डोळ्यांचा गोळा ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दाखल झाला. पहिले दोन महिने बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती.

आता तो गोळा चौदा महिन्यांचा आणि चोवीस किलोंचा झाला होता. त्याने सोफ्याचा कापूस बाहेर काढला होता, चपलांचा हिशेबच नव्हता. दुपारी घरात कुणी नसले की तो मान वर करून लांडग्यासारखे गळे काढी. सोसायटीच्या सेक्रेटरींचे पत्र येऊन पडले होते. शिकवायला एक गृहस्थ महिनाभर येत होते. ते काठी दाखवत, कधी मारतही. कुत्रा शिकला काहीच नाही, फक्त काठी दिसली की पलंगाखाली जाऊन बसू लागला. आणि आदल्या आठवड्यात त्याने जिन्यात मांजर पाहिली व असा हिसका दिला, की पट्टा धरलेल्या सासूबाई पायऱ्यांवरून घसरल्या. मनगट प्लॅस्टरमध्ये.

‘‘हे म्हणतात, महिनाअखेरपर्यंत कुणाला तरी देऊन टाकू. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. कुत्रा वाईट निघाला, की आम्हीच वाईट?’’ एवढे बोलून वहिनी रडू लागल्या.

त्या क्षणी माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आठवली ती मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याची गोष्ट. तीच मी त्यांना सांगितली.

खिडकी फोडून पळालेले पिल्लू

अलास्कातल्या नोम या गावी लिओनहार्ड सेप्पाला नावाचा नॉर्वेत जन्मलेला गाडीवान राहत असे. बर्फावरची घसरगाडी म्हणजे स्लेज ओढणारे कुत्रे तो पाळी. हे कुत्रे सायबेरियाच्या अगदी ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुक्ची लोकांचे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी ही जात घडवली होती. अंगाने बेताची, खायला थोडे लागणारी आणि हलके ओझे घेऊन तासन्‌तास न थकता धावणारी. १९०९ साली हे कुत्रे नोमच्या मोठ्या शर्यतीत पहिल्यांदा उतरले, तेव्हा त्यांचा लहान बांधा पाहून लोक त्यांना सायबेरियाचे उंदीर म्हणून हसले होते. पुढे १९१५, १९१६ आणि १९१७ अशी लागोपाठ तीन वर्षे सेप्पालाने याच कुत्र्यांना घेऊन ती शर्यत जिंकली आणि हसणारे गप्प झाले.

सेप्पालाकडे १९१३ साली एक पिल्लू जन्मले. अशक्त, आजारी आणि कमालीचे खोडकर. त्याचे नाव टोगो. हे गाडीच्या कामाचे नाही असे ठरवून सहा महिन्यांचे असताना सेप्पालाने ते एका बाईंना घरी पाळायला देऊन टाकले. तिथे त्याचे खाण्यापिण्याचे लाड होत असणार, ऊबही होती. पण काही आठवड्यांतच टोगोने बंद खिडकीच्या काचेतून उडी मारली आणि कित्येक मैल धावत तो सेप्पालाच्या दारात परत आला.

परतला तरी त्याचे उपद्व्याप चालूच. मोठे कुत्रे कामावर निघाले की हा कुंपणातून निसटून त्यांच्यात धुडगूस घाली. शेवटी कंटाळून, निदान नजरेसमोर तरी राहील म्हणून, सेप्पालाने त्याला आठ महिन्यांचा असताना गाडीला जुंपले. आणि चमत्कार झाल्यासारखे ते द्वाड पिल्लू एकदम शहाणे झाले. पहिलाच दिवस संपेपर्यंत ते पुढच्या, म्होरक्याच्या जागेपर्यंत पोहोचले होते.

जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची साथ आली. मुले दगावू लागली. औषधाचे सीरम रेल्वेने नेनाना या गावापर्यंतच येऊ शकत होते. तिथून नोम सुमारे १,०८५ किलोमीटर दूर. विमान उडवण्याजोगी हवा नव्हती. तेव्हा वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्रे यांनी हातोहात ते सीरम साडेपाच दिवसांत नोमला पोहोचवले. थंडी उणे चाळीस अंशांच्या घरात होती. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा सेप्पालाचा होता आणि त्याचा म्होरक्या होता टोगो, वयाच्या बाराव्या वर्षात. गोठलेल्या समुद्रावरून, पायाखालचा बर्फ फुटत असताना, त्याने गाडी पार नेली. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरहून जास्त अंतर टोगोच्या चमूने कापले.

‘‘वहिनी, सांगा आता, टोगो वाईट कुत्रा होता का?’’

त्या काही बोलल्या नाहीत. डोळे मात्र त्यांनी पुसले.

ओढणे हा गुन्हा नव्हे

स्नोईच्या घरी जो घोळ झाला, तो याच जातीच्या हजारो घरांत होतो, अगदी थंड देशांतसुद्धा. सायबेरियन हस्की, त्याच्याहून थोराड असा अलास्कन मॅलम्यूट आणि पांढराशुभ्र समोयेड हे सगळे कष्टकरी कुळातले. आपण त्यांना शोभेचे समजतो, तिथेच चूक होते.

अल्सेशियन किंवा लॅब्रॅडॉर माणसाच्या तोंडाकडे बघत काम करणारे कुत्रे आहेत. स्लेजचा कुत्रा माणसाकडे पाठ करून काम करतो. गाडीवान मागे असतो आणि कुत्र्याला पुढची वाट पाहून चालायचे असते. म्होरक्याची खरी कसोटी तर आज्ञा मोडण्यात असते. गाडीवानाने पुढे चल म्हटले आणि समोरचा बर्फ ठिसूळ असला, तर चांगला म्होरक्या जागचा हलत नाही. त्यामुळेच माणसे वाचतात. असे स्वतःच्या डोक्याने चालणारे जनावर ‘बैस’ म्हटल्याबरोबर बसले नाही, की आपण त्याला हट्टी म्हणतो.

त्याचा पट्टा ओढणे, त्याचे कुंपण उकरणे, मांजर-कोंबडीमागे धावणे, गळे काढणे हे सारे त्याच्या रक्तात आहे. घराच्या राखणीसाठी म्हणून कुणी हा कुत्रा घेणार असेल, तर तेही डोक्यातून काढून टाका. चोर आला तरी बहुतेक हस्की शेपटी हलवून त्याचे स्वागतच करील.

हौस करण्याआधी चार गोष्टी

२०११ साली सुरू झालेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत लांडग्यासारखे प्रचंड श्वान दाखवले होते. ते पाहून परदेशात अनेकांनी हस्की घेतले आणि नंतर न झेपल्याने ते सोडून दिले. शेवटी २०१७ मध्ये त्या मालिकेतला अभिनेता पीटर डिंकलेज याला, कृपा करून असे कुत्रे विकत घेऊ नका, असे जाहीर आवाहन करावे लागले. पडद्यावरचा कुत्रा आणि घरातला कुत्रा यांत फरक असतो, तो असा कळतो.

म्हणून आधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून चार प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत.

पहिला प्रश्न वेळेचा. रोज सकाळी आणि संध्याकाळी मिळून किमान दीड-दोन तास याला बाहेर कोण नेणार? पावसात, परीक्षेत, सणावारी, घरात पाहुणे असतानाही?

दुसरा सोबतीचा. हे टोळीत राहणारे कुत्रे आहेत. दिवसभर फ्लॅटला कुलूप असणार असेल, तर गळे काढणे आणि नासधूस होणारच.

तिसरा हवेचा. मे महिन्यात थंड खोली देता येईल का? वातानुकूलन यंत्राचे वीजबिल आणि भारनियमन, दोन्हींचा विचार करूनच उत्तर द्या.

चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हा कुत्रा बारा ते चौदा वर्षे जगतो. दहावीतल्या मुलासाठी आणलेले पिल्लू म्हातारे होईल तेव्हा तो मुलगा अठ्ठावीस-तीस वर्षांचा असेल. मधल्या काळात शिक्षण, दुसऱ्या गावची नोकरी, कदाचित लग्न. कुत्रा मुलाचा म्हणून येतो आणि आईवडिलांचा होऊन राहतो. तेव्हा बक्षीस मुलाला आणि जबाबदारी कुणाला, हे आधीच ठरलेले बरे.

एका जरी प्रश्नावर घर अडखळले, तर हौस आवरावी. कुत्रा हवाच असेल तर गल्लीतले देशी पिल्लू आणा. आपल्या उन्हापावसाला ते जन्मतःच सरावलेले असते आणि माया करण्यात तसूभरही कमी नसते.

तरीही घ्यायचाच असेल, तर पिल्लू निदान आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय घेऊ नका. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरा. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू न घेतलेले चांगले. स्नोई दीड महिन्याचाच आला होता आणि त्याची आई कुणीच पाहिली नव्हती.

शिकवायचे कसे?

वहिनींचा पहिला प्रश्न होता, आता चौदा महिन्यांनी हा शिकेल का? शिकेल. लहानपणी शिकवणे सोपे असते एवढेच. पण काठी आधी फेकून द्यायला हवी. मार खाल्लेला हस्की भित्रा होतो किंवा चिडका होतो, शहाणा होत नाही.

धडा लहान ठेवा. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. जेवणातलाच थोडा भाग बाजूला काढून ठेवावा आणि योग्य वागल्याबरोबर त्यातला घास द्यावा. ‘बरोबर’ आणि घास यांत दोन क्षणांचेही अंतर नको, नाहीतर कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. त्याला कंटाळा येण्याआधी धडा संपवा. तीच ती गोष्ट वीस वेळा करून घ्याल, तर एकविसाव्या वेळी तो तोंड फिरवून निघून जाईल.

पट्टा ओढण्यावर उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. पट्टा ताणला की जागच्या जागी झाडासारखे उभे राहायचे. ओरडायचे नाही, हिसका द्यायचा नाही. पट्टा सैल झाला की ‘चल’ म्हणून पुढे निघायचे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जायला अर्धा तास लागेल. लागू द्या. घरातल्या प्रत्येकाने हाच नियम पाळला पाहिजे. वडील ओढू देतात आणि आई देत नाही, असे झाले की कुत्रा वडिलांचेच ऐकतो. वयस्कर माणसांनी आणि लहान मुलांनी मात्र हा पट्टा एकट्याने धरूच नये. गळ्याला पट्टा न बांधता छातीला समोरून कडी असलेला हार्नेस घातला, तर जोर आवरणे सोपे जाते.

पण नुसते ‘ओढू नको’ सांगून भागणार नाही. ओढण्यासाठीच जन्मलेल्या जिवाला ओढायला कधीतरी मिळाले पाहिजे. त्यासाठी दुसरा, वेगळा हार्नेस ठेवावा. छातीशी मऊ, गळ्यावर दाब न आणणारा आणि मागे पाठीवर दोरी अडकवता येईल असा. शाळेचा गणवेश आणि खेळाचे कपडे यांतला फरक मुलाला कळतो, तसा तो कुत्र्यालाही थोड्या दिवसांत कळतो. हा घातला की ओढायचे, तो घातला की शेजारून चालायचे. हाडे पक्की व्हायला दीड वर्ष लागते, तोवर ओझे ओढायला लावू नये. त्यानंतर पहाटेच्या गारव्यात, मातीच्या वाटेवर एखादे जुने हलके टायर ओढू द्यावे किंवा कमरेला दोरी बांधून त्याच्याबरोबर धावावे. डांबरी रस्त्यावर नको, पंजे सोलवटतात.

अलास्कातले गाडीवान मोजकेच शब्द वापरतात. निघायला ‘हाइक’, उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, थांबायला ‘वो’. आपण ‘चल’, ‘उजवा’, ‘डावा’, ‘थांब’ म्हणावे. कुत्र्याला भाषा कोणतीही चालते, शब्द मात्र रोज तोच हवा. त्यांचा आणखी एक शब्द आहे ‘ऑन बाय’, म्हणजे लक्ष न देता पुढे चल. आपल्या रस्त्यांवर याच्याइतका उपयोगी धडा नाही. समोर मांजर, कचऱ्याची पिशवी, दुसरा कुत्रा दिसला की तो ताणायला लागण्याच्या आतच ‘पुढे’ म्हणायचे आणि पुढे आला की घास द्यायचा. सुरुवात लांबून करावी, मग अंतर हळूहळू कमी करावे.

मोकळ्यावर पट्टा सोडण्याचा मोह मात्र कधीही करू नका. लांब दोरीवर ‘ये’ जरूर शिकवा, आल्यावर शाबासकी द्या आणि उशिरा आला तरी रागावू नका. पण एखाद्या सशामागे किंवा मांजरीमागे सुटलेला हस्की तुमची हाक ऐकेल या भरवशावर राहू नका. बंगल्याचे कुंपण पुरुषभर उंच हवे आणि तळाशी जमिनीत जाळी पुरलेली हवी. गॅलरीला जाळी असलीच पाहिजे.

एकटे राहण्याचाही सराव करावा लागतो. आधी एक मिनिट दार लावून परत यायचे, मग पाच, मग पंधरा. जाताना गळ्यात पडून निरोप घ्यायचा नाही. चावायला कडक रबरी खेळणे द्यायचे, त्यात भाताचे किंवा उकडलेल्या भोपळ्याचे गोळे भरून ठेवायचे. डोक्याला काम मिळालेला कुत्रा सोफ्याच्या वाटेला कमी जातो.

खरा शत्रू ऊन

आता सर्वांत काळजीचा भाग. या कुत्र्याच्या अंगावर दुहेरी कोट असतो. आत दाट लोकर, वर लांब केस. थंडीत बर्फावर शेपटीत नाक खुपसून तो निवांत झोपतो. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी सारी भिस्त धापा टाकण्यावर. मुंबई-कोकणात हवाच दमट, त्यामुळे जिभेवरची वाफ नीट होत नाही आणि अंग निवत नाही. नागपूर-जळगावात हवा कोरडी, पण पारा पंचेचाळिशीला टेकतो. वाळ्याच्या कूलरचा उपयोग कोरड्या हवेत होतो, दमट हवेत तो कुचकामी ठरतो.

उन्हाळ्यात फिरवणे पहाटे सहाच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावरच. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. भर उन्हाळ्यात पळवणे बंद ठेवावे आणि घरातच खाऊ लपवून हुंगत शोधायला लावण्याचे खेळ घ्यावेत. बंद गाडीत पाच मिनिटेही ठेवू नये.

कुत्र्याचे अंग मुळात आपल्यापेक्षा थोडे गरम, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. ते १०५ च्या वर गेले की जिवावर बेतते. जोरजोराने धापा, घट्ट लाळ, हिरड्या लालभडक होणे, झोकांड्या, उलटी ही उष्माघाताची लक्षणे. ती दिसताच सावलीत आणून नळाचे गार पाणी अंगभर ओतत राहा, पंखा लावा, पीत असेल तर थोडे थोडे पाणी पाजा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आतच कोंडते. आधी गारवा, मग दवाखाना, हा क्रम विसरू नका.

पुष्कळ लोक उन्हाळ्यात दया येऊन याचे केस मशिनने काढून टाकतात. तसे करू नये. वरचे केस कातडीला उन्हाच्या चटक्यांपासून वाचवतात आणि एकदा भादरले की पुन्हा नीट येतीलच असे नाही. त्यापेक्षा आतली सुटलेली लोकर रोज विंचरून काढा. मूळ प्रदेशात ही लोकर वर्षातून दोनदा झडते. आपल्याकडे कमी-जास्त बारमाही झडते, वरणभातातसुद्धा केस सापडतात, याची तयारी ठेवा. आंघोळीनंतर अंग मुळापर्यंत कोरडे करा, नाहीतर पावसाळ्यात कातडीला बुरशी धरते.

खाण्याच्या बाबतीत हा कुत्रा गरीब. आकाराच्या मानाने त्याला कमीच लागते, त्यामुळे उरलेसुरले घालून त्याला जाड करू नका. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे त्याला विष आहे. रेबीजसह सर्व लसी वेळेवर टोचून घ्या. गोचिडांपासून जपा, आपल्याकडे त्यांच्यामुळे होणारा ताप कुत्र्यांचे बळी घेतो. या जातीत मोतीबिंदूसारखे डोळ्यांचे आनुवंशिक आजार आढळतात, म्हणून वर्षातून एकदा डोळेही तपासून घ्यावेत.

नाहीच जमले तर?

नोमला सीरम घेऊन शेवटचा टप्पा धावला तो गुन्नार कासेनचा चमू, २ फेब्रुवारी १९२५ रोजी. त्याचा म्होरक्या होता बाल्टो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. पण पुतळ्याला हारतुरे मिळत असताना जिता बाल्टो आणि त्याचे सोबती विकले गेले आणि लॉस एंजेलिसमधल्या एका तमाशेवजा प्रदर्शनात, हेळसांड झालेल्या अवस्थेत, लोकांना दाखवले जाऊ लागले. १९२७ मध्ये क्लीव्हलँडच्या एका व्यापाऱ्याने ते पाहिले. त्याने आपल्या शहराला हाक दिली, शाळकरी मुलांनी आपले खाऊचे पैसे दिले, दोन हजार डॉलर जमले आणि उरलेले सातही कुत्रे क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात सुखाने राहू लागले.

कौतुक सगळेच करतात, सांभाळ करणारे थोडे असतात. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा गुन्हा मानला आहे. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावराला सोडून देणे हाही गुन्हाच. त्या वेळी पहिल्या गुन्ह्याला ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा, म्हणजे भीती वाटावी असा नाही. तेव्हा इथे कायद्यापेक्षा आपले मनच कामाला येणार.

सर्व प्रयत्न करूनही जमत नसेल, तर योग्य घर शोधून कुत्रा देणे यात पाप नाही. आपल्या पशुवैद्यांना, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना विचारा. नव्या घराला त्याच्या खोड्या लपवू नका. देण्याआधी नसबंदी करून घ्या, म्हणजे कुणी त्याला केवळ पिल्लांच्या धंद्यासाठी नेणार नाही. पाप आहे ते त्याला हायवेवर उतरवून गाडी पुढे दामटण्यात. घरात वाढलेल्या या कुत्र्याला रहदारी कळत नाही, कचऱ्यातून पोट भरता येत नाही आणि रस्त्यावरचे कुत्रे त्याला आपल्यात घेत नाहीत.

पहाटे पाच

त्या दुपारी वहिनी उठल्या तेव्हा काही ठरले नव्हते. मी एवढेच म्हटले, ‘‘देऊन टाकायला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे ना? मग तेवढे दिवस तरी त्याला काम देऊन बघा.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जिन्यात पावले वाजली. मुलगा, त्याचे वडील आणि स्नोई. पहिल्या आठवड्यात ते फाटकाच्या पुढे फारसे गेले नाहीत, कारण पट्टा ताणला की तिघेही उभे. रखवालदार हसायचा. जूनमध्ये पाऊस आला आणि तलावापर्यंत फेरी होऊ लागली. दुपारी वहिनींची नणंद, जी जवळच राहते, ती दोन तास येऊन बसू लागली. हिवाळ्यात, स्नोई दीड वर्षाचा झाल्यावर, मुलाने जुन्या स्कूटरचे टायर आणले. सेक्रेटरींचे दुसरे पत्र आले नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मांजर दिसली की अजूनही त्याचे कान उभे राहतात, वीजबिल पाहून वहिनींचे यजमान अजूनही कपाळाला हात लावतात आणि सासूबाई पट्ट्याला हात लावत नाहीत. मुलाचे कॉलेज पुढे कुठल्या गावी असेल, हा प्रश्नही उभा आहेच. वडिलांनी त्याचे उत्तर देऊन टाकले आहे, ‘‘मी आहे ना.’’ डॉक्टरांनी सांगितलेला फेरफटका त्यांनी पाच वर्षे टाळला होता, तो आता एकही दिवस चुकत नाही.

परवा दुसऱ्या मजल्यावरची एक लहान मुलगी आईचा हात ओढत स्नोईपाशी आली. ‘‘आई, आपण पण असाच आणू या ना!’’

मला वाटले, वहिनी कौतुकाने हो म्हणतील. त्यांनी स्नोईच्या मानेतून हात फिरवला, हाताला आलेली लोकर झटकली आणि त्या मुलीच्या आईला म्हणाल्या, ‘‘आधी महिनाभर पहाटे पाचला उठून आमच्याबरोबर फिरायला या. मग बोलू.’’